तहान की अळी

नूतन खंडारेला रोज तीनशे झाडं ऐकावी लागत.

अमरावतीतल्या दोन खोल्यांच्या घरात, खिडकीशी टेबल लावून, ती सकाळी नऊला कानांवर हेडफोन चढवी आणि संध्याकाळी सहाला उतरवून ठेवी. त्या नऊ तासांत तिच्याशी कुणी बोलत नसे, आणि नंतरच्या पंधरा तासांतही फारसं कुणी नसे. बावीस वर्षं तिनं विजेच्या तक्रारी फोनवर ऐकून घेतल्या होत्या. मग ते काम यंत्रांकडे गेलं. त्याच सुमारास आई अंथरुणाला खिळली. आईचं करण्यात सहा वर्षं गेली आणि मागच्या दिवाळीनंतर आईही गेली. भाऊ सुरतेला, सणावारी फोन. बावन्नाव्या वर्षी 'वृक्षनाद' नावाच्या कंपनीची जाहिरात तिच्या पाहण्यात आली. तल्लख कानाची माणसं पाहिजेत, एवढंच लिहिलं होतं. परीक्षेला बसलेल्या चारशे जणांत ती पहिली आली.

उन्हानं माणसं मरायला लागल्यावर विदर्भातल्या शहरांनी रस्त्यांच्या कडेनं सावलीची झाडं लावायचा सपाटा लावला होता. एकट्या अकोल्यात चाळीस हजार. रोपं नव्हेत, माणसाच्या डोक्यावर गेलेली दोन-तीन वर्षांची शिरीष, करंज, बकुळ. ती रुजतात न रुजतात तोच परदेशातून आलेल्या लाकडी खोक्यांतून एक भुंगेरा आला, राखाडी, लांब मिशांचा. त्याची मादी कोवळ्या खोडाची साल कुरतडून आत अंडं घाली. त्यातून निघालेली अळी दहा-अकरा महिने खोडातच राही आणि लाकूड खात बोगदा करी. बाहेरून झाड हिरवंगार दिसे. मग एक दिवस वारा येई आणि झाड कमरेत मोडून पडे. फवारणीचा उपयोग नव्हता. चोर घरात होता आणि दार आतून बंद.

पण अळी खाताना आवाज होतो. लाकडाचा एकेक धागा तुटला की खोडाला बारीक हादरा बसतो. हवेत तो वीतभरही पोचत नाही, लाकडातून मात्र लांब जातो. रुळाला कान लावला की दूरची गाडी ऐकू यावी तसा. म्हणून प्रत्येक झाडाच्या सालीत मसुराच्या दाण्याएवढा सेन्सर बसवला होता आणि तो दिवसरात्र ऐकत असे. अडचण एकच होती. तहानलेलं झाडही आवाज करतं. मुळांपासून शेंड्यापर्यंत पाण्याच्या केसाएवढ्या धारा ताणलेल्या असतात. जमीन कोरडी पडली की त्या तुटतात, आणि प्रत्येक धार तुटताना टिक् होतं. उन्हाळ्यात झाडं दिवसभर टिकटिकत असतात.

सेन्सरचे आवाज तपासणारं यंत्र बहुतेक वेळा या दोहोंतला फरक ओळखे. जिथे अडे, ते झाड नूतनसारख्या बारा जणांपैकी कुणाकडे येई. ऐकायचं आणि बटण दाबायचं: तहान की अळी. तहान म्हटलं की टँकर जाई. अळी म्हटलं की अठ्ठेचाळीस तासांत झाड मुळासकट उपटून जाळलं जाई. हातानं अळी काढणारी माणसं कुणाकडे नव्हती, आणि उपटणाऱ्या यंत्राला एका झाडामागे सहा मिनिटं पुरत. तिसरं एक बटण होतं, 'माणूस'. रस्त्यावरच्यांचं बोलणं यंत्र आपोआप गाळून टाकी. चुकून एखादं राहिलंच तर ते बटण दाबून पुढे जायचं, ऐकायचं नाही, असा नियम होता.

फाल्गुनात एका दुपारी अकोल्याचा शिरीष, क्रमांक बावीसशे सात, तिच्याकडे आला. टिकटिक चालू होती. तीन वाजून गेल्यावर खोडावर काहीतरी टेकलं आणि तिच्या कानात एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज उमटला. हवेतून आलेला आवाज यंत्रानं गाळला असता. हा माणूस खोडाला पाठ लावून बसला होता. त्याचा आवाज छातीच्या हाडांतून, पाठीच्या कण्यातून थेट लाकडात उतरत होता. जाड, धुकट, कडा झिजलेला.

"सिंधू, आज म्या वरण केलं. मीठ टाकाले विसरलो." पाठ सालीवर घासली. "नाई. हे परवा सांगितलं. दुसरं सांगू."

नूतनचं बोट बटणावर गेलं होतं. ते तिथेच राहिलं.

शंका आलेलं झाड कितीही वेळा थेट ऐकायची मुभा होती. दुसऱ्या दिवशी तीनला तिनं बावीसशे सात पुन्हा लावलं. तो आला होता. पंधरवड्यात तिला सगळं उमगलं. झाडासमोर विस्मरणाच्या रोग्यांचं शुश्रूषागृह होतं आणि त्याची बायको सिंधू तिथे होती. भेटायची वेळ चारची. तिला काही विचारायचं नाही, ओळखलंस का म्हणायचं नाही, छोटं काहीतरी चांगलं हळू आवाजात सांगायचं, असं तिथल्या नर्सबाईंनी त्याला बजावलं होतं. म्हणून तो तासभर आधी येऊन काय सांगायचं ते जुळवून बघे. गल्लीतल्या मांजरीला चार पिल्लं झाली. भाजीवालीनं तुझी आठवण काढली. लग्नाच्या वर्षी आपण बाळापूरला गेलो होतो तेव्हा तुझी चप्पल तुटली आणि तू एका पायानं लंगडत हसत होतीस. एखादी गोष्ट तो चारदा सांगून बघे, मधलं काही गाळी, एखादा शब्द बदली.

नूतन तीन ते चार दुसरं काही काम घेईनाशी झाली. ती चहा करून आणी, पण पिताना कपाचा आवाज होऊ देत नसे, जणू त्याला ऐकू जाईल.

चैत्राच्या मध्याला एक दिवस तो खोडाला टेकला, पण त्यानं गोष्ट जुळवायला घेतली नाही. मग म्हणाला, "सिंधू, आता तू जा व. मी दमलो. तू गेली तं मले सुटल्यासारखं होईन." नंतर त्याचा श्वास तेवढा ऐकू येत राहिला. चारला तो उठून आत गेला. दुसऱ्या दिवशी येऊन त्यानं मांजरीच्या पिल्लांचे डोळे उघडल्याची गोष्ट जुळवायला घेतली.

त्यानंतर आठच दिवसांनी नूतनला अळी ऐकू आली. म्हातारा उठून गेल्यावर झाड शांत झालं होतं, आणि टिकटिकीच्या खाली दुसरं काहीतरी होतं. कुर्र, कुर्र, मग थांबा. पुन्हा कुर्र. तहान अशी दम खात नाही. अळी मोठी होती, पोटभर खाऊन सुस्तावलेली. यंत्राचा अंदाज पडद्यावर होता: तहान, शंभरात सत्तर.

तिनं हेडफोन काढले, स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली, परत आली. अळी म्हटलं तर परवा तिथे खड्डा असेल. म्हातारा उन्हात उभा राहील. आणि तीन वाजता या घरात काय असेल, हा विचार तिनं पुरता केला नाही. तिनं 'तहान' दाबलं. एवढं एकच झाड, असं तिनं स्वतःला सांगितलं. भुंगेरा बाहेर पडून दुसऱ्या झाडांवर जायला अजून महिना-दीड महिना होता.

पुढच्या चार आठवड्यांत बावीसशे सात तिच्याकडे पाच वेळा आलं. पाचही वेळा तिनं 'तहान' दाबलं.

वैशाखात पुण्याहून अन्वीचा फोन आला. अन्वी या बारा जणांची प्रमुख होती, वयानं नूतनच्या निम्मी, बोलायला नीट. तिनं सांगितलं, की वर्ध्यात एका रस्त्यावरची अकरा झाडं वाऱ्यानं मोडली. सगळी आतून पोखरलेली. एक झाड फळांच्या गाडीवरच्या बाईच्या अंगावर पडलं आणि तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. यंत्रानं त्या अकराही झाडांना तहान म्हटलं होतं, तेही इतक्या खात्रीनं की माणसाकडे पाठवलंच नाही.

"ताई, यंत्र तुम्हा बारा जणांच्या निर्णयांवरून शिकतं," अन्वी म्हणाली. "ज्यांचा कान चांगला, त्यांच्या निर्णयाला जास्त वजन. चैत्राच्या शेवटापासून कुणीतरी त्याला मोठ्या अळीचा आवाज तहान म्हणून शिकवलाय. तुमचा कान सगळ्यांत चांगला म्हणून तुम्हालाच सांगते. जुनी ध्वनिमुद्रणं ऐकून चूक कुणाची ते शोधून द्याल का?"

नूतननं दोन दिवसांची मुदत मागितली. फोन ठेवल्यावर ती खुर्चीतच बसून राहिली. वर्ध्याच्या त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं, एवढंच तिला पुनःपुन्हा वाटत होतं.

सांगायचं तर होतंच. पण सांगितल्याबरोबर बावीसशे सात उपटलं गेलं असतं. नूतनचे वडील मोर्शीकडे संत्र्याच्या रोपवाटिकेत माळी होते, आणि संत्र्याच्या खोडातली अळी ते सायकलच्या स्पोकनं ओढून काढत. लहानपणी तिनं ते शेकडो वेळा पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून एक स्पोक मागून घेतला, त्याचं टोक वाकवून आकडा केला, चाकू, कापूस आणि निंबोळीच्या तेलाची बाटली पिशवीत टाकली आणि अकोल्याची बस धरली.

जे झाड तिनं अडीच महिने ऐकलं होतं ते पाहिल्यावर आधी तिला ओळखू येईना. मनगटाएवढं खोड, विरळ पानं, सुपाएवढी सावली. बुंध्याशी जमीन दाबली जाऊन गुळगुळीत झाली होती. ती गुडघ्यांवर बसली आणि सालीवरून बोट फिरवू लागली. मातीपासून हातभर वर, सालीच्या एका भेगेत ओलसर भुसा लागला.

"काय शोधून राहिल्या बाई?"

मागे एक उंच, वाकलेला माणूस उभा होता. पांढरा सदरा, हातात गोणपाटाची घडी. आवाज तोच होता. उघड्यावर तो बारीक, कोरडा लागत होता. झाडांच्या कंपनीतून आले, खोडात अळी आहे, असं तिनं सांगितलं. त्यानं आपलं नाव प्रल्हाद तायडे म्हणून सांगितलं, कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होतो म्हणाला, आणि न विचारता घडी बाजूला ठेवून खोड दोन्ही हातांनी धरून बसला.

नूतननं चाकूनं साल थोडी सोलली. आत करंगळी जाईल एवढं भोक होतं. तिनं स्पोक हळूहळू आत सारला. वितीएवढा गेल्यावर टोकाला काही मऊ लागलं. आकडा फिरवून तिनं अंदाजानं ओढलं. पहिल्यांदा नुसता भुसा आला. तिसऱ्या खेपेला पांढरी, बिनपायांची, बोटाएवढी अळी बाहेर आली आणि मातीत वळवळू लागली. तायड्यांनी ती चपलेखाली चिरडली. नूतननं भोकात तेलात भिजवलेला कापसाचा बोळा ठासला. तायडे शुश्रूषागृहाच्या नळावरून ओंजळीत पाणी घेऊन आले, दोघांनी माती कालवली आणि भोक लिंपून टाकलं. शेजारच्या झाडांची खोडंही तिनं चाचपून पाहिली. ती धड होती.

"पानं तं हिरवी हायेत," तायडे हात पुसत म्हणाले. "आत अळी हाये हे तुमाले समजलं कसं?"

तिनं त्यांना सालीतला सेन्सर दाखवला. अळीचं खाणं त्यातून ऐकू येतं, म्हणाली. तिथेच थांबता आलं असतं. तायडे खोडाला पाठ लावून बसायच्या बेतात होते. ते थबकले, त्या दाण्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"फक्त अळीचं?"

"नाही," नूतन म्हणाली. "पाठ टेकून बोललेलंही येतं. ते ऐकायचं नाही असा आम्हाला नियम आहे. मी ऐकलं."

"कधीपासून?"

"फाल्गुनापासून. रोज."

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. तायड्यांनी गोणपाटाची घडी उचलली, ती झटकली आणि काखेत धरली.

"त्या दिवशी मी तिले जा म्हटलं," ते म्हणाले. "ते बी?"

"तेही."

त्यांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी नुसती मान खाली घातली, भर गर्दीत धोतराची गाठ सुटावी तसे ते क्षणभर चाचपडले, आणि रस्ता ओलांडून फाटकाकडे गेले. अजून साडेतीनही झाले नव्हते. चौकीदारानं त्यांना आत घेतलं. नूतन पिशवी आवरत राहिली. तिला माफी मागायची होती, पण फाटक लागलं होतं.

बसस्टँडवरून तिनं अन्वीला फोन केला. चूक माझी, ती म्हणाली. आणि चूक नव्हेच, कळत असून मी खोटं बटण दाबलं. म्हाताऱ्याच्या ऐकलेल्या बोलण्याबद्दलही सांगितलं, फक्त तो काय बोलला ते सांगितलं नाही.  अन्वीनं कामाच्या आवाजात विचारलं, पहिला खोटा निर्णय कुठल्या तारखेचा. नूतननं तारीख सांगितली, आणि वर्ध्याच्या त्या बाईचं नाव विचारलं. निर्मला, अन्वी म्हणाली. हाड जुळतंय.

पुढे जे झालं ते झपाट्यानं झालं. नूतनचे सगळे निर्णय यंत्राच्या शिकवणीतून काढून टाकले गेले. उरलेल्या अकरा जणांनी तीन शहरांतली महिनाभराची ध्वनिमुद्रणं पुन्हा ऐकली. तहान समजून सोडलेली दोनशे चौऱ्याऐंशी झाडं सापडली. भुंगेरे बाहेर पडायला थोडेच दिवस होते. उपटणारी यंत्रं दिवसभर फिरत राहिली, तरी पुरी पडेनात. नूतनचं ऐकण्याचं काम अर्थातच गेलं. तिनं अन्वीला पत्र लिहिलं, की यंत्र पोचत नाही तिथे मला पाठवा, मी हातानं अळी काढते. तुमच्या कानावर आता कुणी विश्वास ठेवणार नाही, अन्वीनं उलट कळवलं, पण हाताबद्दल मी बोलून बघते.

त्या उन्हाळ्यात नूतननं एकूण एक्काहत्तर झाडांतून अळ्या काढल्या. चाळीस जगली. कंपनीनं मग अकोला, वर्धा आणि यवतमाळला अशी चार-चार माणसं नेमली. त्यांना स्पोक कसा फिरवायचा ते नूतननं शिकवलं. अमरावतीचं घर सोडून ती अकोल्यात एका खोलीत राहायला आली. इथेही संध्याकाळी कुलूप स्वतःच उघडावं लागे. पण दिवसभर उन्हात फिरल्यामुळे लवकर झोप लागे.

बावीसशे सात तिच्याच हद्दीत होतं. लिंपलेली जखम कडेकडेनं नव्या सालीनं भरत आली होती. बुंध्याशी मात्र गवत उगवलं होतं. कुणी बसत नव्हतं.

भाद्रपदात तिनं कंपनीकडून परवानगी काढली आणि त्या झाडातला सेन्सर उपसून घेतला. चारच्या सुमारास ती फाटकाशी उभी राहिली. तायडे आतल्या बाकावरून उठून आले. ते खंगले होते. तिनं तो मसुराएवढा दाणा त्यांच्या तळहातावर ठेवला.

"काढून टाकला," ती म्हणाली. "आता त्या झाडातून कुणालाच काही ऐकू येत नाही."

तायड्यांनी तो दाणा बोटांत फिरवून पाहिला, फिटरनं एखादा सुटा भाग पाहावा तसा.

"मंग झाडाले काई झालं तं समजन कसं?"

"मी आठवड्याला येईन. हातानं बघेन."

 मग त्यांनी सिंधूबद्दल आपणहून सांगितलं, की ती आता बोलत नाही, पण ऐकते असं नर्सबाई म्हणतात. आत टीव्ही चालू असतो, तिथं बसून डोक्यात काही जुळत नाही. एवढं सांगून त्यांनी दाणा तिला परत दिला आणि घंटा झाली तसे वळले. माफीचा शब्द ना तिच्या तोंडून निघाला, ना त्यांनी त्याची वाट पाहिली.

आश्विनातल्या एका मंगळवारी नूतन ठरलेल्या फेरीत त्या रस्त्याला आली. वेळ सव्वातीनची. ऊन चांगलंच कडक होतं. दूरवरूनच तिला दिसलं, शिरीषाखाली गोणपाट पसरलेलं होतं आणि त्यावर प्रल्हाद तायडे खोडाला पाठ लावून बसले होते. त्यांचे ओठ हलत होते. मध्येच ते थांबत, मान हलवत, बोटानं हवेत काही पुसल्यासारखं करत आणि पुन्हा बोलू लागत.

तिच्या हातात स्पोक होता, पिशवीत कापूस होता, आणि अजून नऊ झाडं तपासायची होती. ती रस्त्याच्या या बाजूला, विजेच्या खांबाच्या सावलीच्या पट्ट्यात उभी राहिली. तिथून एक शब्दही ऐकू येत नव्हता. तरी ती आणखी दोन खांब मागे सरकली. चारची घंटा होऊन ते उठून आत जाईपर्यंत ती तिथेच उभी होती, आणि मग रस्ता ओलांडून झाड बघायला गेली.